जीवाणूरोधक नॅनोतंतूंची पूर्वपीठिका : चांदी आणि सूत यांचा विस्मृत इतिहास

बीजसंज्ञा : चांदीचे नॅनोकण, बहुवारिक नॅनोतंतू, विद्युत्-कताई, कलिलरूप चांदी, जळित-उपचार, जीवाणूंचा प्रतिरोध.

प्रस्तावना

चांदीच्या नॅनोकणांचा लेप असलेल्या जीवाणूरोधक नॅनोतंतूंविषयी गेल्या दोन दशकांत जगभर विपुल संशोधन प्रसिद्ध झाले आहे. त्यांतील अनेक शोधनिबंधांची सुरुवात जवळजवळ एकाच विधानाने होते : चांदीचा जंतुनाशक गुण मानवाला प्राचीन काळापासून ज्ञात आहे. पुरावा म्हणून बहुधा इराणच्या सायरस राजाचा दाखला दिला जातो. हा राजा मोहिमेवर निघाला की त्याच्यासाठी चांदीच्या भांड्यांतून पिण्याचे पाणी नेले जाई, असे हिरोडोटसने इ. स. पू. पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे. पुढच्याच वाक्यात निबंध एकविसाव्या शतकातील प्रयोगशाळेत येऊन पोहोचतो. मधली सुमारे चोवीस शतके अशा रीतीने एका पूर्णविरामात सामावली जातात.

हिरोडोटसचा मजकूर मुळातून पाहिला असता चित्र थोडे निराळे दिसते. सुसा नगरीजवळून वाहणाऱ्या चोआस्पेस नदीचे पाणी आधी उकळले जाई, मग ते चांदीच्या भांड्यांत भरून खेचरांच्या चारचाकी गाड्यांवर लादले जाई; आणि राजा या एकाच नदीचे पाणी पीत असे. उकळण्याचा हा उल्लेख आधुनिक निबंधांतून बहुधा गळून पडतो. चांदी निवडली गेली ती पाणी टिकावे म्हणून, की राजवैभवाला साजावी म्हणून, हे त्या मजकुरावरून ठरविता येत नाही. महाराष्ट्रातील घरांतही पूजेची पळी-पंचपात्रे ऐपतीप्रमाणे चांदीची असतात, बाळाचे उष्टावण चांदीच्या वाटी-चमच्याने होते. त्यामागे पावित्र्याची आणि प्रतिष्ठेची कल्पना आहे. तिच्या जागी जंतुशास्त्राची कल्पना मागाहून बसविणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

सायरस आणि नॅनोतंतू यांच्यामधील जो कालखंड अशा प्रास्ताविकांतून वगळला जातो, विशेषतः १८४० नंतरचा, त्यातच या विषयाचा खरा इतिहास घडला आहे. तो वगळल्यामुळे जुने तंत्र नवे म्हणून मांडले जाते, एवढेच होत नाही. त्या जुन्या तंत्रापायी रुग्णांनी जी किंमत मोजली तिचाही विसर पडतो. नॅनोतंतूंच्या मलमपट्ट्या ज्यांच्यासाठी तयार केल्या जात आहेत ते रुग्ण प्रामुख्याने भाजलेले किंवा दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमांचे आहेत. म्हणून हा विसर केवळ अभ्यासकांच्या आळसाचा प्रश्न राहत नाही.

टाके, थेंब आणि शेवाळ

शस्त्रक्रियेत चांदीला मानाचे स्थान मिळवून देणारी घटना अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे घडली. अडलेल्या, दीर्घ प्रसूतीनंतर काही स्त्रियांच्या मूत्राशय व योनी यांच्यामधील पडद्याला छिद्र पडते. लघवी सतत ठिबकत राहते आणि त्या स्त्रीला चारचौघांत वावरणे अशक्य होते. जेम्स मॅरियन सिम्स या शल्यविशारदांनी १८४५ पासून हे छिद्र शिवण्याचे प्रयत्न चालविले होते. रेशमाचे टाके घातले की जागा सुजे, पू होई आणि टाके निसटत. १८४९ मध्ये त्यांनी रेशमाऐवजी चांदीची बारीक तार वापरली आणि जखम स्वच्छ भरून आली. १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या वैद्यक अकादमीपुढील वार्षिक व्याख्यानासाठी त्यांनी चांदीचे टाके हाच विषय निवडला.

ज्यांच्या शरीरांवर हे प्रयोग झाले त्या स्त्रिया गुलाम होत्या. त्यांच्यापैकी अनार्का, बेट्सी आणि लूसी ही तीनच नावे सिम्स यांच्या लेखनातून मागे उरली आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली, आणि या शस्त्रक्रिया भूल न देता झाल्या. बॉस्टनमध्ये इथरचा जाहीर प्रयोग १८४६ मध्येच यशस्वी झाला होता. तरीही माँटगोमेरीतील पद्धत बदलली नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील सिम्स यांचा पुतळा २०१८ मध्ये तेथून हलविण्यात आला. जीवाणूरोधक चांदीच्या इतिहासाचा टप्पा म्हणून १८४९ या सनाचा उल्लेख करणाऱ्या तांत्रिक निबंधांत मात्र या तिघींची नावे सहसा येत नाहीत.

या घटनेत आणखी एक प्रश्न दडलेला आहे. रेशमाच्या धाग्याच्या पिळात द्रव शोषला जातो आणि जंतूंना आत शिरण्यास वाट मिळते. एकसंध, गुळगुळीत तारेत तसे होत नाही. त्यामुळे सिम्स यांचे यश चांदीच्या जंतुनाशक गुणाचे होते की तारेच्या घडणीचे, हे निःसंदिग्धपणे सांगता येत नाही. पदार्थाचा गुण आणि त्याला दिलेले रूप यांपैकी श्रेय कोणाचे, हा प्रश्न नॅनोतंतूंच्या संदर्भात पुन्हा उभा राहतो.

चांदीचा जंतुनाशक उपयोग आकड्यांनी सिद्ध झाला तो जर्मनीतील लाइपझिगच्या प्रसूतिगृहात. आईला परमा हा रोग असल्यास प्रसूतीच्या वेळी बाळाच्या डोळ्यांना संसर्ग होतो आणि त्यातून अंधत्व येऊ शकते. या रोगाचा जीवाणू आल्बर्ट नाइसर यांनी १८७९ मध्ये शोधला. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, कार्ल क्रेडे यांनी नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या २ टक्के द्रावणाचा एकेक थेंब काचेच्या कांडीने घालण्यास प्रारंभ केला. तोपर्यंत त्या प्रसूतिगृहात शंभरांपैकी सुमारे दहा बालकांना होणारा हा नेत्ररोग शंभरांत एकाहूनही खाली आला. पुढे अनेक देशांत हा थेंब घालणे कायद्याने बंधनकारक झाले. त्या द्रावणाने बाळाचे डोळे लाल होत, झोंबत. म्हणून नंतर त्याची तीव्रता १ टक्क्यावर आणण्यात आली. मात्रेचा हा हिशेब चांदीच्या इतिहासात पहिल्यापासून आहे, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

अत्यल्प धातू एवढा परिणाम कसा करतो, याचा शोध वनस्पतिशास्त्रात लागला. म्युनिक येथे कार्य केलेले स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांना असे आढळले होते की, ज्या पाण्यात धातूचा अंश रासायनिक परीक्षणातही जेमतेम सापडतो, त्या पाण्यातही स्पायरोगायरा हे शेवाळ मरते. या परिणामाला त्यांनी ऑलिगोडायनॅमिक, म्हणजे अल्पमात्रेत प्रभावी, असे नाव दिले. त्यांचा हा प्रबंध त्यांच्या मृत्यूनंतर १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंडेलच्या वाटाण्यांचे महत्त्व ज्यांना पत्रव्यवहार करूनही उमगले नाही ते हेच नेगेली. धातूंच्या बाबतीत मात्र त्यांची दृष्टी अचूक ठरली.

नॅनो या शब्दापूर्वीची नॅनोचांदी

फिलाडेल्फियाचे मॅथ्यू कॅरी ली हे शिक्षणाने वकील होते, परंतु त्यांचे मन रमले ते छायाचित्रणाच्या रसायनशास्त्रात आणि घरच्या खासगी प्रयोगशाळेत. सिल्व्हर नायट्रेटचे लोहाच्या सायट्रेटने क्षपण करून त्यांनी १८८९ मध्ये चांदीची काही चमत्कारिक रूपे प्रसिद्ध केली. एक निळे होते, एक जांभळट, तर एक चक्क सोन्यासारखे पिवळे. आपल्याला चांदीची नवी अपरूपे गवसली आहेत, अशी त्यांची समजूत होती. वस्तुतः ते चांदीचे अतिसूक्ष्म कण होते आणि रंगातील फरक कणांच्या आकारामुळे व त्यांच्या एकत्र येण्यामुळे पडत होता. त्यांच्या पद्धतीने तयार केलेल्या कणांचा सरासरी व्यास ७ ते ९ नॅनोमीटर भरतो. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आजच्या कोणत्याही व्याख्येनुसार ही नॅनोचांदीच होय.

ही चांदी लवकरच औषधांच्या दुकानात आली. नवजातांच्या डोळ्यांत थेंब घालणाऱ्या क्रेडे यांचे पुत्र बेनो क्रेडे हे ड्रेस्डेन येथे शल्यविशारद होते. त्यांच्या पुढाकाराने कलिलरूप चांदी जखमांसाठी वापरात आली आणि १८९७ पासून कॉलारगॉल या नावाने तिचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. म्हणजे बाजारात विकली जाणारी नॅनोचांदी एका शतकाहून जुनी आहे. फिलाडेल्फियातच आल्बर्ट बार्न्स यांनी हर्मान हिल यांच्यासमवेत चांदी आणि प्रथिन यांपासून आर्जिरॉल नावाचे औषध तयार करून १९०२ च्या सुमारास बाजारात आणले. ते सिल्व्हर नायट्रेटपेक्षा कमी झोंबत असे आणि नवजातांच्या डोळ्यांसाठी त्याला प्रचंड मागणी आली. या औषधाच्या पैशातून बार्न्स यांनी रन्वार, सेझान आणि मातीस यांच्या चित्रांचा संग्रह जमविला. १९२९ च्या महामंदीला तोंड फुटण्यापूर्वी अवघे काही महिने त्यांनी आपली कंपनी विकली; बाजाराची नाडी त्यांना औषधाइतकीच चांगली कळत असावी.

या काळाची दुसरी बाजू आर्जिरिया या विकारात दिसते. चांदीची औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या त्वचेत चांदीचे सूक्ष्म कण साचतात आणि कातडीवर निळसर-करडी छटा चढते. ती सहसा जात नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार नोंदले गेले. पुढे १९३० च्या दशकात सल्फा औषधे आणि १९४० च्या दशकात पेनिसिलीन आले. ही औषधे अधिक प्रभावी होती. चांदी मागे पडली आणि तिच्याबरोबर तिच्याविषयीचे अनुभवही मागे पडले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला १९९९ मध्ये, विनाचिठ्ठी विकली जाणारी कलिल चांदीची औषधे सुरक्षित व परिणामकारक मानता येत नाहीत, असा नियम पुन्हा काढावा लागला, यावरून तो विसर किती पक्का होता हे दिसते.

जळित कक्ष

चांदीचे पुनरागमन झाले ते प्रतिजैविकांच्या अपयशामुळे. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णाची त्वचा हा नैसर्गिक बांध नाहीसा झालेला असतो. मृत कातडीपर्यंत रक्तपुरवठा नसल्याने रक्तातून दिलेले औषध तेथे पोहोचत नाही आणि सुडोमोनास जातीचे जीवाणू त्या जागी मुक्तपणे वाढतात. सेंट लुईस येथील कार्ल मॉयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये सिल्व्हर नायट्रेटच्या ०.५ टक्के द्रावणात भिजविलेल्या पट्ट्यांचा उपचार मांडला. क्रेडे यांच्या द्रावणाच्या चौथ्या हिश्श्याएवढी ही तीव्रता होती, कारण अधिक तीव्र द्रावण नव्याने वाढणाऱ्या पेशींनाही मारत असे. या पट्ट्यांमुळे संसर्ग आटोक्यात आला. मात्र पट्ट्यांवाटे रुग्णाच्या शरीरातील क्षार झिरपून जात आणि ज्याला ज्याला द्रावण लागे ते सर्व काळे पडे : चादरी, भिंती, परिचारिकांचे हात. १९६८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील चार्ल्स फॉक्स यांनी चांदी आणि सल्फाडायझीन यांचे संयुग मलमाच्या रूपात पुढे आणले. भारतातील जळित कक्षांत आजही सर्रास दिसणारे पांढरे मलम ते हेच.

आजच्या संशोधकांनी सर्वाधिक लक्षात ठेवावयास हवी अशी घटना यानंतर सात वर्षांनी नोंदली गेली. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील जळित कक्षात सॅल्मोनेला टायफिम्युरियम या जीवाणूचा असा वाण आढळला, की ज्यावर सिल्व्हर नायट्रेटचा परिणाम होत नव्हता. तोच वाण अँपिसिलीन व क्लोरअँफेनिकॉल या प्रतिजैविकांनाही दाद देत नव्हता. काही रुग्ण दगावले आणि कक्ष बंद ठेवावा लागला. या घटनेचा वृत्तांत १९७५ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जीवाणूला हे सामर्थ्य कोठून आले याचा उलगडा होण्यास १९९९ साल उजाडले. शिकागो येथील सायमन सिल्व्हर (आडनावाचा हा योगायोगच) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, त्या वाणातील एका प्लाझ्मिडवर नऊ जनुकांचा समूह आहे. त्यांपैकी एक जनुक चांदीचे आयन पकडून ठेवणारे प्रथिन तयार करते, काही जनुके ते आयन पेशीबाहेर उपसून टाकणारे पंप तयार करतात. प्लाझ्मिड एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, आणि या प्लाझ्मिडवर प्रतिजैविकांच्या प्रतिरोधाची जनुकेही होती. याचा अर्थ असा की, चांदीच्या अतिवापराने प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणूही निवडले जाऊ शकतात. प्रतिजैविके निष्प्रभ होत असल्याने चांदीकडे वळावे, हा युक्तिवाद नॅनोतंतूंवरील बहुतेक निबंधांत असतो. १९७५ ची घटना मात्र त्यांच्या प्रास्ताविकात अभावानेच आढळते.

विजेने काढलेले सूत

चांदीची कथा रुग्णालयांत घडत असताना तंतूंची कथा अगदी वेगळ्या मार्गाने चालली होती. घासून विद्युत्भारित केलेला तृणमणी पाण्याच्या थेंबाजवळ नेला असता थेंब शंकूसारखा वर ओढला जातो, असे निरीक्षण विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० मध्ये नोंदविले होते. चार्ल्स व्हर्नन बॉइज यांनी १८८७ मध्ये लाख, मेण यांसारखे पदार्थ वितळवून विजेच्या साहाय्याने त्यांचे अतिशय बारीक धागे काढून दाखविले. १९०२ मध्ये कूली आणि मॉर्टन या दोन अमेरिकनांना अशा कताईची पेटंटे मिळाली, तर १९३४ मध्ये आंटोन फॉर्महाल्स यांना सेल्युलोज ॲसिटेटपासून धागे काढण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. वस्त्रोद्योगाने या कशाचीही फारशी दखल घेतली नाही.

दखल घेतली ती सोव्हिएत रशियाने, आणि तीही युद्धासाठी. मॉस्कोच्या कार्पोव संस्थेत रोझेनब्लूम आणि पेट्र्यानोव्ह-सोकोलोव्ह यांनी १९३८ मध्ये विजेने कातलेल्या तंतूंपासून गाळण्या तयार केल्या. पुढच्या वर्षी त्व्हेर येथे सेल्युलोज ॲसिटेटच्या अशा तंतूंचे उत्पादन सुरू झाले. ते वायुमुखवट्यांत धूर अडविण्यासाठी वापरले जात. याच तंतूंपासून १९५० च्या दशकात तयार झालेली लेपेस्तोक, म्हणजे पाकळी, नावाची मुखपट्टी १९८६ मध्ये चेर्नोबिल येथे काम करणाऱ्यांच्या तोंडावर होती. हे काम दीर्घकाळ गुप्त राहिल्याने पाश्चात्त्य वाङ्मयात त्याची नोंद उशिरा झाली. तात्त्विक बाजू ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये मांडली : विद्युत्क्षेत्रात थेंबाचा जो शंकू होतो त्याचा अर्धकोन ४९.३ अंश असतो. या शंकूला आता त्यांचेच नाव आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतील ॲक्रन विद्यापीठाचे डॅरेल रेनेकर यांनी या तंत्राला नवे जीवन दिले.

या प्रक्रियेला लागणारी सामग्री एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही जुळविता येण्याजोगी आहे. बहुवारिकाचे, म्हणजे पॉलिमरचे, द्रावण पिचकारीत भरावयाचे, सुईला दहा ते तीस हजार व्होल्टचा विद्युत्दाब द्यावयाचा आणि समोर काही सेंटिमीटर अंतरावर भू-जोडणी केलेला धातूचा पत्रा ठेवावयाचा. सुईच्या टोकावरील थेंबाचा शंकू होतो, त्यातून एक धार सुटते, वाटेत द्रावक उडून जातो आणि पत्र्यावर कोरड्या तंतूंची जाळी साचते. ही धार फाटून अनेक धारा होतात, असा पूर्वी समज होता. २००० च्या सुमारास अतिवेगवान छायाचित्रणाने दाखविले की, धार एकच असते. ती चाबकाच्या वादीसारखी वेटोळे घेत ताणली जाते आणि त्या ताणामुळेच ती इतकी बारीक होते. मानवी केसाची जाडी सर्वसाधारणपणे पन्नास हजार नॅनोमीटरच्या पुढे असते, तर या तंतूंची बऱ्याचदा काही शेकडा नॅनोमीटर भरते. त्यांच्या जाळीतून हवा आणि बाष्प जाते, जखम कुजत नाही. पृष्ठभाग मात्र वजनाच्या मानाने प्रचंड असतो.

संगम

हे दोन प्रवाह एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी एकत्र आले. दक्षिण कोरियातील सन, युक, ली आणि पार्क या संशोधकांचा २००४ मधील निबंध या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यांनी सेल्युलोज ॲसिटेटच्या द्रावणात थोडे सिल्व्हर नायट्रेट मिसळून तंतू कातले आणि मग त्यांवर अतिनील प्रकाश सोडला. प्रकाशाने चांदीच्या आयनांचे क्षपण होऊन तंतूंच्या पृष्ठभागावर धातुरूप चांदीचे कण उगवले. २००६ च्या त्यांच्या पुढील निबंधात या कणांचा सरासरी व्यास २१ नॅनोमीटर नोंदला आहे. जीवाणूंवर त्याचा परिणाम अत्यंत प्रभावी ठरला. यातील एकेक घटक तपासून पाहण्यासारखा आहे. सेल्युलोज ॲसिटेट हे फॉर्महाल्स आणि त्व्हेरच्या कारखान्याचे द्रव्य. सिल्व्हर नायट्रेट हे क्रेडे यांचे. प्रकाशाने चांदीचे कण उत्पन्न करणे हा तर छायाचित्रणाचा पाया, म्हणजे कॅरी ली यांचा प्रांत. नवे होते ते हे सर्व एका जाळीत आणण्याचे कौशल्य, आणि ते लहान नव्हते. यानंतर पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पॉलिॲक्रिलोनायट्राइल, नायलॉन, कायटोसान अशा अनेक बहुवारिकांवर हाच प्रयोग झाला. कधी चांदी आधी मिसळली गेली, कधी कातलेली जाळी चांदीच्या कलिलात बुडविली गेली.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी आलेला संबंध प्रामुख्याने चांदीच्या बाजूने आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अब्सार अहमद आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये व्हर्टिसिलियम या बुरशीकडून चांदीचे नॅनोकण तयार करून घेतले. ते कण बुरशीच्या तंतुजालावरच जडलेले होते. चांदी मढविलेल्या तंतूंचे हे निसर्गनिर्मित रूप म्हणावे लागेल. २००४ मध्ये याच गटाने कडुनिंबाच्या पानांच्या अर्कापासून चांदीचे व सोन्याचे कण मिळविल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर देशभरातील महाविद्यालयांतून एवढे निबंध आले की, परसातील क्वचितच एखादे झाड या प्रयोगातून सुटले असेल. अमरावती विद्यापीठातील महेंद्र राय, अलका यादव आणि अनिकेत गाडे यांचा चांदीच्या नॅनोकणांवरील २००९ मधील आढावा जगभर उद्धृत झाला. त्याच वर्षी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील किशोर पाकणीकर व सहकाऱ्यांनी भाजलेल्या जखमांसाठी चांदीच्या नॅनोकणांचे जेल विकसित केल्याचे प्रसिद्ध केले, आणि वर्षअखेरीस टाटा समूहाने भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसविलेला घरगुती जलशुद्धीकारक बाजारात आणला. वाहक द्रव्य निरनिराळे, पण सर्वांचे काम एकच : चांदी धरून ठेवणे आणि थोडी थोडी सोडणे.

रूप की द्रव्य?

सिम्स यांच्या तारेने उपस्थित केलेला प्रश्न येथे पुन्हा येतो. नॅनोकण स्वतः जीवाणूला मारतात, की त्यांच्यातून सुटणारे आयन? टेक्सासमधील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये याचे उत्तर शोधण्यासाठी एक सोपा उपाय केला. त्यांनी ऑक्सिजन काढून घेतला. ऑक्सिजनशिवाय चांदीचे ऑक्सिडीकरण होत नाही आणि आयन सुटत नाहीत. अशा स्थितीत आयनांच्या मारक मात्रेच्या हजारो पट चांदी कणांच्या रूपात देऊनही जीवाणू मेले नाहीत. म्हणजे मारणारा आयन तोच, नेगेली यांच्या शेवाळाला मारणारा. नॅनोकण ही त्याची कोठी आणि नॅनोतंतू हे त्या कोठीचे कोठार. हा निष्कर्ष या तंत्राला कमीपणा आणणारा नाही, कारण मॉयर यांच्या पट्ट्या दिवसातून अनेकदा भिजवाव्या लागत, तर हळूहळू आयन सोडणारी जाळी दीर्घकाळ काम करू शकते. परंतु आयन तोच असेल, तर त्या आयनाविषयीचा सव्वाशे वर्षांचा अनुभवही लागू होतो. नवेपणाच्या नावाखाली तो बाजूला ठेवता येत नाही.

काचेच्या बशीतील प्रतिबंध-वलय आणि माणसाची जखम यांतील अंतर तर फारच मोठे आहे. जखमेतील स्रावात क्लोराइड असते, प्रथिने असतात. ती चांदीला बांधून ठेवतात. चांदीयुक्त मलमपट्ट्यांविषयीच्या २६ चाचण्यांचा कोक्रेन संस्थेने २०१० मध्ये घेतलेला आढावा असे सांगतो की, त्या जखमेतील संसर्ग टाळतात किंवा जखम लवकर भरतात असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही. २०१३ च्या आढाव्यात सिल्व्हर सल्फाडायझीनच्या मलमापेक्षा इतर काही मलमपट्ट्यांनी, ज्यांत चांदीचा लेप दिलेल्या पट्ट्याही होत्या, भाजलेल्या जखमा अधिक चांगल्या भरल्याचे आढळले. म्हणजे चांदीचे रूप बदलल्याने रुग्णाला लाभ होऊ शकतो. पण तो रुग्णावरच मोजावा लागतो. शोधनिबंधांच्या संख्येच्या मानाने अशी मोजणी फारच थोडी झाली आहे.

दरम्यान चांदी रुग्णालयाबाहेर पसरली. ॲरिझोना राज्य विद्यापीठातील बेन आणि वेस्टरहॉफ यांनी २००८ मध्ये नॅनोचांदीचे पायमोजे धुऊन पाहिले, तेव्हा काही मोज्यांतील जवळजवळ सर्व चांदी अवघ्या काही धुण्यांत पाण्यात गेली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०११ मध्ये कापडासाठीच्या एका नॅनोचांदी उत्पादनाला सशर्त परवाना दिला आणि २०१३ मध्ये न्यायालयाने तो अंशतः रद्द ठरविला. वादाचा एक मुद्दा कापड चघळणाऱ्या लहान मुलांच्या वयाचा होता. नोवाक, क्रुग आणि हाइट यांनी २०११ मध्येच दाखविले होते की, त्या संस्थेकडे नोंदलेल्या जंतुनाशक चांदीच्या उत्पादनांपैकी निम्म्याहून अधिक उत्पादनांत बहुधा नॅनोचांदी होती आणि अशी पहिली नोंद १९५४ मधील होती. नॅनो या शब्दामुळे जशी विक्री वाढली तशी भीतीही वाढली. दोन्हींचे मूळ एकाच विस्मृतीत आहे.

चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथील पानाचेक व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग १९७५ च्या घटनेच्या प्रकाशात वाचावयास हवा. त्यांनी ई. कोलाय व सुडोमोनास जीवाणूंना चांदीच्या नॅनोकणांची अल्प मात्रा पुनःपुन्हा दिली. ई. कोलाय जीवाणूंमध्ये प्रतिरोध निर्माण झाला, आणि तोही जनुकांत बदल न होता. ते फ्लॅजेलिन हे चिकट प्रथिन अधिक प्रमाणात स्रवू लागले; त्यामुळे नॅनोकण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झाले आणि त्यांचा प्रभाव संपला. कणांवर स्थिरतेसाठी आवरण चढवूनही हा प्रतिरोध टळला नाही. फ्लॅजेलिनची निर्मिती रोखल्यावर मात्र चांदी पुन्हा काम करू लागली, आणि ती रोखण्यासाठी संशोधकांनी वापरला तो डाळिंबाच्या सालीचा अर्क.